मॅक्रोचं साहित्य घेण्याआधी: मोजपट्टीपासून डिफ्यूझरपर्यंत

पहिला पाऊस पडला की विचारणा सुरू होते : "आंबोलीला चाललोय, कुठली मॅक्रो लेन्स घेऊ?" मॅक्रो म्हणजे किडे, फुलं, बेडूक अशा लहान गोष्टी अगदी जवळून, मोठ्या करून टिपणं. वरच्या प्रश्नाला लगेच एखाद्या लेन्सचं नाव सांगता येतं आणि बहुतेक जण तेच सांगतात. मग ऑगस्टमध्ये फोटो येतात. बेडकाचा डोळा हललेला, पाठीवर फ्लॅशचा पांढरा डाग, अर्ध्या फ्रेमवर लेन्सची सावली. लेन्स उत्तम असते. चुकलेला असतो तो खरेदीचा क्रम.

हा क्रम असा : विषयाचा आकार, मग अंतर, मग मोठं करण्याचा मार्ग, मग उजेड, मग आधार आणि सर्वांत शेवटी कॅमेऱ्याची बॉडी. खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिल्या दोन टप्प्यांना एक रुपयाही लागत नाही, आणि नेमके तेच गाळले जातात.

## तयारी

हाताशी हव्यात चार गोष्टी : कंपासपेटीतली मिलिमीटरची पट्टी, सध्याचा कॅमेरा आणि सगळ्या लेन्स, एक वही आणि स्टीलचा एक चमचा. चमचा कशाला, ते पाचव्या टप्प्यात येईल.

वहीत आधी सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या चकतीची, रुंदी लिहून ठेवा. फुल फ्रेम, एपीएस-सी, मायक्रो फोर थर्ड्स ही सेन्सरच्या आकारांची नावं. फुल फ्रेमची ३६ मिमी. निकॉन, सोनी आणि फुजीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांची साधारण २३.५ मिमी, कॅननच्या एपीएस-सीची २२.३ मिमी. मायक्रो फोर थर्ड्सची १७.३ मिमी.

## टप्पा १ : विषय मिलिमीटरमध्ये लिहा

"मला किडे टिपायचेत" एवढ्यावर खरेदी होत नाही. कुठले किडे, किती मोठे, आणि पूर्ण किडा हवा की नुसतं तोंड, हे लिहा. विषयाने फ्रेमची अर्धी रुंदी व्यापली तर फोटो भरलेला वाटतो, असं धरून चाला. मग हिशेब सोपा होतो : सेन्सरच्या अर्ध्या रुंदीला विषयाच्या लांबीने भागा. येणारा आकडा म्हणजे मॅग्निफिकेशन, विषय सेन्सरवर खऱ्या आकाराच्या किती पट उमटायला हवा ते. एपीएस-सीसाठी अर्धी रुंदी म्हणजे साधारण १२ मिमी.

आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. १२ भागिले १३०, म्हणजे एक दशांशही नाही. त्याला मॅक्रो लेन्स लागतच नाही, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स पुरते. तीन सेंमीच्या झाडबेडकाला ०.४ पुरे. बारा मिमीच्या टायगर बीटलला बरोबर १ हवं. यालाच १:१ म्हणतात, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा विषयाच्या खऱ्या आकाराएवढी. सहा मिमीच्या जंपिंग स्पायडरला २ लागेल, आणि त्याचे नुसते डोळे फ्रेमभर हवे असतील तर ४.

कासच्या पठारावरची सीतेची आसवं एकेकटी टिपायची तर फूल सेंटिमीटरभराचं, म्हणजे १ च्या आसपास. तीच फुलं गालिच्यासारखी दाखवायची असतील तर मॅक्रोचा संबंधच नाही.

तपासा : वहीत किमान पाच विषय आणि त्यांचे आकडे उतरलेत का? पाचपैकी चार ०.५ च्या आत असतील तर तुमचा खर्च निम्म्याने कमी झाला.

## टप्पा २ : घरातली लेन्स किती मोठं दाखवते ते मोजा

पट्टी टेबलावर सपाट ठेवा. लेन्स मॅन्युअल फोकसवर घ्या, झूम असेल तर सर्वांत लांब टोकाला न्या आणि फोकस रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला फिरवा. आता रिंगला हात न लावता पूर्ण कॅमेरा पुढे-मागे करा, पट्टीच्या रेघा स्पष्ट दिसल्या की फोटो काढा. फ्रेमच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती मिलिमीटर आले ते मोजा. सेन्सरची रुंदी भागिले हा आकडा, की मॅग्निफिकेशन मिळालं.

१८-५५ च्या किट लेन्सवर एपीएस-सीला साधारण ६५ ते ७५ मिमी दिसतील, म्हणजे ०.३ च्या पुढे-मागे. घरातली प्रत्येक लेन्स अशी मोजा आणि आकडा पहिल्या टप्प्यातल्या यादीशेजारी लिहा.

सावधान : झूम लेन्सवर 'मॅक्रो' असं छापलंय म्हणून ती १:१ देते असं नाही. ७०-३०० जातीच्या काही जुन्या झूम लेन्सवर हा शब्द असतो आणि त्या १:२ वर, म्हणजे ०.५ वर थांबतात. फुलपाखरांना आणि चतुरांना ते पुष्कळ झालं, मुंग्यांना नाही. डब्यावरच्या शब्दापेक्षा पट्टीवर भरवसा ठेवा.

## टप्पा ३ : अंतर ठरवा

इथे सर्वाधिक गैरसमज होतो. लेन्सच्या माहितीत लिहिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. बॉडीच्या वरच्या बाजूला गोल आणि त्यातून गेलेली आडवी रेघ अशी खूण असते, तिथून. १०० मिमीच्या मॅक्रोचं (लेन्सच्या नावातला हा मिमीचा आकडा म्हणजे तिची फोकल लेंग्थ) हे अंतर साधारण ३० सेंमी. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंत १२ ते १५ सेंमी उरतात. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं सावलीचं कडं, लावलं तर त्यातलेही काही सेंमी गेले. खरं कामाचं अंतर हे, वर्किंग डिस्टन्स.

१:१ वर ४० मिमीच्या मॅक्रोला जेमतेम साडेतीन सेंमी मिळतात. ६० मिमीला पाच ते नऊ. ९० ते १०५ मिमीला १२ ते १५. १५०-१८० मिमीला वीसच्या आसपास आणि पुढे.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडे ४० मिमीची मॅक्रो होती. स्वस्त, हलकी, काचेसारखी स्वच्छ. रात्री आंबोलीत पानावर बसलेल्या झाडबेडकाकडे मी सरकत गेलो. विजेरी माझ्या कपाळावर होती. लेन्स इतकी पुढे गेली की तिचीच सावली बेडकावर पडली, आणि हूड पानाच्या देठाला टेकलं. पान हललं, बेडूक गेला. त्या रात्री आठ वेळा असंच झालं. तीच लेन्स घरी टेबलावर नाणी, दागिने आणि तिकिटं टिपायला आजही मी आनंदाने वापरतो, कारण नाणं उडून जात नाही.

म्हणून यादीतल्या प्रत्येक विषयापुढे एक खूण करा : स्थिर, लाजरा, की चावणारा. स्थिर म्हणजे फुलं, बुरशी, दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती; पाच सेंमीही चालतील. टायगर बीटल, चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) लाजरे. बारा सेंमीच्या खाली विचार करू नका. सापांच्या बाबतीत तर मॅक्रोचा हट्ट सोडा आणि लांबची झूम वापरा.

## टप्पा ४ : मोठं करण्याचा मार्ग निवडा

आता कुठे लेन्सचा विषय. मार्ग चार आहेत, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे तुमच्याकडे आधीच असलेल्या लेन्सवर ठरतं.

क) एक्स्टेन्शन ट्यूब. लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. आत काच नाही, त्यामुळे लेन्सचा दर्जा काचेमुळे बिघडत नाही. हिशेब : नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिमीच्या लेन्सला ३६ मिमीची नळी लावली तर ०.७२ वाढलं, लेन्सचं स्वतःचं ०.१५ ते ०.२ धरून १:१ च्या जवळ पोहोचलो. तीच नळी ३०० मिमीच्या झूमला लावली तर वाढले फक्त ०.१२. आणि १८ मिमीला लावली तर फोकस लेन्सच्या काचेच्या आतच पडतो, म्हणजे काहीच स्पष्ट दिसत नाही. ट्यूब आखूड लेन्ससाठी, पण फार आखूड नको. ५० मिमी तिची आवडती जोडीदार.

सावधान : ट्यूबच्या दोन्ही बाजूंना सोनेरी टाचण्या-पट्ट्या, म्हणजे विद्युत संपर्क आहेत का ते बघून घ्या. नसलेली ट्यूब फार स्वस्त मिळते. पण तिच्यावर अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, बॉडीवरून बदलता येत नाही : कॅननची ईएफ लेन्स पूर्ण उघडी राहते, तर अपर्चर रिंग नसलेली निकॉनची जी मालिकेतली लेन्स पूर्ण मिटून व्ह्यूफाइंडर काळोखा होतो.

ख) क्लोज-अप लेन्स. झूम लेन्सच्या तोंडावर बसणारं भिंग. मला वाटतं, मराठी घरांत जी ५५-२०० किंवा ५५-२५० ची दुसरी किट लेन्स कपाटात पडून असते तिच्यासाठी यासारखा मार्ग नाही. हिशेब ट्यूबच्या उलटा : लेन्सची फोकल लेंग्थ भागिले भिंगाची फोकल लेंग्थ. रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग ८ डायॉप्टरचं, म्हणजे १२५ मिमी फोकल लेंग्थचं. २०० मिमीवर ते १.६ देतं, ५० मिमीवर फक्त ०.४. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर झूम कितीही फिरवा, भिंगापासून किड्याचं अंतर साधारण ११-१२ सेंमीच राहतं. म्हणजे किड्याला न हलवता, स्वतः न हलता, नुसत्या झूमवर ०.८ पासून २ पर्यंत जाता येतं. त्याच्याच धाकट्या भावाचं, डीसीआर-१५० चं अंतर वीस सेंमीच्या आसपास आणि जोर कमी. फुलपाखरं आणि चतुर हाच मुख्य विषय असेल तर तोच घ्या. दोघांचा चिमटा ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर थ्रेडवर बसतो. आपल्या लेन्सच्या झाकणामागचा आकडा बघून घ्या. झूम आखूड टोकाला नेली की कोपरे काळे पडतात. तो दोष नव्हे, तिथे हे भिंग वापरायचंच नसतं.

सावधान : +१, +२, +४, +१० असे चार फिल्टर एका पाकिटात मिळतात, ते यात मोजू नका. ती एकेरी काच असते. फुलाच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते, आणि दोन फिल्टर एकावर एक चढवले की मधला भागही मऊ पडतो.

ग) रिव्हर्स रिंग. लेन्स उलटी बसवायची. ५० मिमी उलटी केली की १:१ च्या थोडं अलीकडे, २८ मिमी उलटी केली की दुप्पट आणि वर, १८-५५ ची १८ मिमीला उलटी केली तर तिप्पटही ओलांडते. खर्च सर्वांत कमी. अडचणी दोन. एक, बॉडीशी संपर्क तुटतो, म्हणून अपर्चर आधी ठरवून ठेवावं लागतं. फिल्मच्या जमान्यातली अपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स इथे सोन्यासारखी कामाला येते. कॅननच्या डीएसएलआरवर अपर्चर एफ/८ ला ठेवायचं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान), डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. पाती तशीच मिटलेली राहतात. दुसरी अडचण पावसाची : लेन्सची मागची बाजू उघड्यावर येते. घरात, व्हरांड्यात, हिवाळ्यात जरूर वापरा. आंबोलीच्या धुक्यात नको.

घ) खरी मॅक्रो लेन्स. वारंवार करणार असाल, विषय लाजरे असतील आणि अनंतापासून १:१ पर्यंत काही न काढता-घालता जायचं असेल, तर ९० ते १०५ मिमीची घ्या. कॅनन १००, निकॉन १०५, टॅमरॉन ९०, सोनी ९०, सिग्मा १०५, टोकिना १००. यातली एकही वाईट नाही आणि त्यांच्या तीक्ष्णतेची तुलना करत आठवडे घालवू नका. बघायचं ते एवढंच : तुमच्या बॉडीवर ऑटोफोकस आणि अपर्चर चालतं का. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस मोटर नाही, त्यांच्यावर जुन्या डी जातीच्या लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो. मॅक्रोत त्याने फार बिघडत नाही, पण माहीत असावं. यादीत २ चे विषय जास्त असतील तर लाओवाच्या दुप्पट मॅग्निफिकेशनच्या लेन्स बघा. त्यांचा फोकस बहुतेक हातानेच करायचा असतो.

लेन्समधल्या स्टॅबिलायझरसाठी, म्हणजे हाताचं हलणं सावरणाऱ्या यंत्रणेसाठी, जास्त पैसे मोजताना थांबा. १:१ वर त्याचा उपयोग बराच कमी होतो, कारण तिथे कॅमेरा पुढे-मागे हलतो आणि ते हलणं स्टॅबिलायझरला सावरता येत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात : अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर ऑटोफोकस असलेले फोन दोन-तीन सेंमीवरून फुलं छान टिपतात. स्वस्त फोनमधला दोन मेगापिक्सेलचा वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा मात्र मोजू नका.

## टप्पा ५ : उजेड

एकूण पैशांपैकी निदान चौथा हिस्सा इथे ठेवा. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचे फोटो बघून मला मनापासून वाईट वाटतं.

कारण गणितात आहे. १:१ वर अपर्चरचा परिणामी आकडा दुप्पट होतो. एफ/८ म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने एफ/१६, दोन स्टॉप गेले, म्हणजे प्रकाश चौथाईच उरला. निकॉनवर २.८ ची लेन्स जवळ नेली की आकडा ४.८ च्या आसपास दिसू लागतो, तो याचमुळे; लेन्स बिघडलेली नाही. दुसरीकडे, फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ वर स्पष्ट दिसणारी जाडी सुमारे १ मिमी असते. २:१ ला तीच जेमतेम ०.३६ मिमी. उघड्या अपर्चरवर डोळा स्पष्ट आला तर मिशा गेल्या. म्हणून एफ/८ ते एफ/११ हवं. त्यापुढे एफ/२२ कडे गेलात तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो. मग पावसाळ्यातल्या झाडीखाली प्रकाश आणायचा कुठून? फ्लॅशमधूनच.

साधा, डोकं वाकणारा, मॅन्युअल पॉवरचा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा वेगळा फ्लॅश, पुरतो. गोडॉक्सचे लहान फ्लॅश वजनाला हलके आहेत, हातात धरून तासभर चालायचं तर ते महत्त्वाचं. एलईडीची रिंग घेऊ नका : तिचा प्रकाश मंद आहे, हलणं गोठवत नाही, आणि बीटलच्या पाठीवर पांढऱ्या बांगडीचं प्रतिबिंब उमटतं. फ्लॅश मात्र कमी पॉवरला सेकंदाच्या काही हजाराव्या भागात चमकून विझतो. हात थरथरला तरी फोटोत दिसत नाही.

आता डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा. नवा टीव्ही किंवा मिक्सर येतो तेव्हा त्याला गुंडाळलेला पातळ पांढरा फोम असतो, तो टाकू नका. ए-४ कागदाएवढा तुकडा कापा. मधोमध खालच्या कडेला लेन्सच्या तोंडाच्या मापाचं अर्धवर्तुळ कापा. वरची कड फ्लॅशच्या डोक्याला वेल्क्रोने, खालची लेन्सच्या तोंडावर रबरबँडने बांधा, म्हणजे फोमचं छप्पर किड्याच्या वर पुढे झुकलेलं राहील. फ्लॅशच्या अगदी तोंडाशी ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर द्या, आणि दोन थरांमध्ये चार बोटांची मोकळी जागा ठेवा. ती जागा नसेल तर प्रकाश फोमच्या मधोमध गोळा होतो आणि दोन थर असून नसल्यासारखे.

तपासा, एक : स्टीलचा चमचा पालथा ठेवा आणि ठरलेल्या अंतरावरून फोटो काढा. चमच्याच्या फुगीर पाठीवर फ्लॅशचं प्रतिबिंब दिसेल. बारीक, चकचकीत ठिपका दिसला तर डिफ्यूझर लहान आहे किंवा लांब आहे. रुंद, कडा विरघळलेला पांढरा पट्टा दिसला की झालं. ओल्या बेडकाची पाठ आणि हा चमचा उजेडाशी सारखेच वागतात.

तपासा, दोन : मॅन्युअल मोड, १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ २००. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. तो जवळपास काळा यायला हवा. मग फ्लॅश १/१६ पॉवरला चालू करा. आता फोटोतला सगळा उजेड फ्लॅशचाच आहे, आणि हलण्याची भीती गेली. मागचा भाग काळाकुट्ट येत असेल तर आयएसओ वाढवा, किंवा विषयामागे वीतभर अंतरावर पान येईल अशी जागा घ्या.

## टप्पा ६ : आधार

फुलं आणि बुरशीसाठी ट्रायपॉड, तोही मधला दांडा काढून जमिनीलगत येणारा. जिवंत किड्यांसाठी ट्रायपॉड उघडेपर्यंत किडा निघून जातो. त्यांच्यासाठी कापडी पिशवीत तांदूळ भरून तीवर लेन्स टेकवा, किंवा डाव्या हाताने फांदी धरून त्याच हातावर लेन्स ठेवा. फोकस रिंग एका जागी ठेवा, आणि श्वास सोडत शरीर मिलिमीटरभर पुढे न्या. फोकसिंग रेल, म्हणजे कॅमेरा बारीक पुढे-मागे सरकवणारी पट्टी, टेबलावरच्या कामासाठी आहे, जंगलात ओझं होतं.

सावधान : गुडघा किंवा हात टेकवण्याआधी तिथे विजेरी मारा. कोकणात फुरसं आणि आंबोलीत चापडा हे विषारी साप नेमके अशाच जागी असतात. बेडूक पकडून 'चांगल्या' पानावर ठेवू नका, डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने तर त्याला शिवूच नका. त्याची कातडी ते शोषून घेते. आणि कासला वाट सोडून फुलांत बसू नका.

## टप्पा ७ : बॉडी

आहे तीच ठेवा. एपीएस-सीवर तीच लेन्स फ्रेम जास्त भरते, त्यामुळे फुल फ्रेमची घाई मॅक्रोसाठी करण्याचं कारण नाही. बदलायचीच असेल तर वळणारी स्क्रीन बघा, ओल्या जमिनीवर झोपावं लागत नाही.

## टप्पा ८ : जुनी लेन्स घेताना

मॅक्रो लेन्स जुनी घ्यायला हरकत नाही. दुकानात पट्टी घेऊन जा. लेन्स १:१ पर्यंत खरोखर फिरते का, मध्ये अडकते का ते बघा. दोन्ही झाकणं काढून मागून विजेरी मारा आणि तिरप्या नजरेने आत बघा : कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, "साफ होऊन जाईल" या शब्दावर विसंबू नका. धुळीचे दोन-चार कण चालतात. एफ/११ वर फोटो काढून अपर्चरची पाती मिटतात का ते तपासा.

## टप्पा ९ : घरी आल्यावर

जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटमाथ्यावर कॅमेऱ्याची बॅग हीच बुरशीची गादी होते. परतल्यावर बॅगेतून सगळं बाहेर काढा, सुती फडक्याने पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा. मग रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाकून लेन्स ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. निळं सिलिका जेल गुलाबी झालं, किंवा नारिंगी हिरवं झालं, की कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परता. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. डब्यात तांदूळ ठेवून भागत नाही. तो पुरेसा ओलावा ओढत नाही, आणि त्याची पूड फोकस रिंगमध्ये जाते.

फ्लॅशमधले सेल काढून ठेवा, आणि फोमचा डिफ्यूझर ओलाच घडी घालून ठेवू नका. त्यावर पडलेली सुरकुती पुढच्या वेळी चमच्याच्या पाठीवर आधी दिसेल.